पांढरं पोतं

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास शिवणताईंनी सिनेगॉगच्या ऑफिसचं दार ढकललं, हातातली नोटीस टेबलावर ठेवली आणि विचारलं, "माझ्या मशीनच्या खणातले कागद कुठे ठेवलेत?" त्या क्षणापर्यंत सेक्रेटरी अतिशय प्रसन्न होते. त्यानंतर शनिवार सकाळपर्यंत त्यांना प्रसन्न म्हणून कुणी पाहिलं नाही.

सेक्रेटरींना सगळे सेक्रेटरीच म्हणत, घरी बायकोसुद्धा. वीस-बावीस ज्यू कुटुंबांच्या त्या लहानशा मंडळीचा सगळा कारभार ते बघत. आयुष्य वजनमापे खात्यात गेलेलं, त्यामुळे तराजू केसभर कलला तरी त्यांचं डोकं दुखायचं. दर शुक्रवारी सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळतो याचा तक्ता ते स्वतः आखत आणि दारात लावत. कारण सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. लिहायचं नाही, खणायचं नाही, गाडीत बसायचं नाही, रस्त्यावरून हातात काही घेऊन चार हातांपलीकडे जायचं नाही. तक्त्यात आज लिहिलं होतं, सहा वाजून एकवीस मिनिटं.

आणि नोटिशीत लिहिलं होतं, शनिवारी सकाळी आठ वाजता पाहणी. घराचा मूळ कागद जागेवर दाखवावा. न दाखवल्यास घरावर लाल फुली मारून ते पाडण्यात येईल.

इथे थोडं मागे जायला हवं. पूर ओसरून तीन आठवडे झाले होते. नदीपलीकडच्या खालच्या वस्तीत कंबरभर चिखल साचला होता, आणि नुसतं हळहळत बसण्यापेक्षा आपण एक घर तरी धुऊन काढू, असं मंडळीच्या सभेत ठरलं. एकच घर. तेही लहान, दोन खोल्यांचं. शिवणताई त्यात एकट्या राहत, आणि मशीन आणि घर सोडून त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. म्हणजे काम रविवारच्या एका सकाळचं. प्रत्यक्षात त्याला अकरा दिवस लागले, कारण सतरा स्वयंसेवक आले आणि सतराही जणांची मतं आली. शेजारचे सुतार म्हणाले, भिंतीला चुना मारा. समोरच्या काकू म्हणाल्या, चुन्याचं नाव काढू नका, भिंत फुगेल. सुतारांनी काकूंशी बोलणं टाकलं. मंडळीतल्या दातांच्या डॉक्टरांनी फरशीच्या फटीतला चिखल आपल्या दवाखान्यातल्या बारीक हत्यारांनी कोरून काढायला घेतला, आणि चार तासांत दोन फरश्या अशा लखलखीत केल्या की बाकीचं घर त्यांच्याशेजारी आणखीच घाण दिसायला लागलं.

सेक्रेटरींनी मात्र सगळ्यात पहिलं काम केलं ते नियम लिहिण्याचं. सिनेगॉगच्या तळघरातही पाणी शिरून जुनी प्रार्थनेची पुस्तकं भिजली होती. देवाचं नाव ज्यावर लिहिलंय तो कागद ज्यू माणूस कचऱ्यात टाकत नाही. तो गोळा करून कबरस्तानात रीतसर पुरतात. पण ओल्या चिखलात कोणता कागद पवित्र आणि कोणता किराण्याच्या यादीचा, हे कोण बघत बसणार? म्हणून सेक्रेटरींनी मोठ्या अक्षरांत सूचना लावली, "लिहिलेला एकही कागद कचऱ्यात जाता कामा नये. लिहिलेलं सर्व पांढऱ्या पोत्यात." आणि सूचना एवढी झकास उतरली होती, की त्यांनी तिची दुसरी प्रत काढून शिवणताईंच्या भिंतीवरही लावली. ती वाचून शेजारीही आपले ओले कागद तिथल्या पोत्यात आणून टाकू लागले.

शिलाई मशीनच्या टेबलाचा खण पाण्याने फुगून बसला होता. "तो उघडू नका, मी बघेन," असं शिवणताई सांगून गेल्या होत्या. पण बुधवारी त्या पाण्याच्या रांगेत असताना डॉक्टरांना तो खण दिसला, आणि हट्टी दाढ बघितल्यावर त्यांचे हात जसे शिवशिवतात तसे ते शिवशिवले. खण निघाला. आतून मापाच्या वह्या, कपड्यांचे कागदी नमुने, बिलं यांचा एक ओला गोळा निघाला. सेक्रेटरींनी भिंतीवरच्या आपल्याच सूचनेकडे बोट दाखवलं, आणि गोळा पांढऱ्या पोत्यात गेला.

तर, "कुठे ठेवलेत?" असं शिवणताईंनी विचारल्यावर सेक्रेटरींनी खुर्चीवरूनच शमाशना हाक मारली. शमाश म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणारे गृहस्थ. चाळीस वर्षं दिवे, दारं आणि कबरी सांभाळत आलेले, सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारे.

"ती खालच्या वस्तीतली पांढरी पोती कुठेयत?"

"पुरली," शमाश म्हणाले.

"काय केलं?"

"काल पुरली. आपल्या तळघरातली सात आणि ती दोन. रीतसर, प्रार्थना म्हणून. छान झालं सगळं."

शिवणताईंनी एकदा शमाशकडे आणि एकदा सेक्रेटरींकडे पाहिलं. "माझ्या घराचा कागद," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही मयत समजून पुरलात?"

"अहो शमाश, डोकं चालवायचं की नाही माणसाने?" सेक्रेटरी म्हणाले. ती सूचना कुणी लिहिली होती हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं, पण त्या वेळी ते कुणी बोललं नाही, आणि सेक्रेटरींनी तर मुळीच नाही.

त्यांना वाटलं, कागदच तो, नक्कल मिळेल. म्हणून ते शिवणताईंना घेऊन मदत कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने नोटीस तीनदा वाचली.

"नक्कल मिळते. अर्ज करा. सहा आठवडे."

"पाहणी उद्या सकाळी आहे."

"मग मूळ कागद दाखवा."

"तो जमिनीत आहे."

"जमिनीचा कागद नाही, घराचा."

"घराचाच. जमिनीत पुरलाय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "पुरात वाहून गेला असेल तर नमुना चार भरा. जळाला असेल तर पाच. पुरल्याचा नमुना नाही." मग जरा दया येऊन तो म्हणाला, "काका, साहेब कडक आहेत. काल त्या ओळीत नऊ घरांवर फुली मारली. सोमवारी मशीन येतंय पाडायला."

बाहेर आल्यावर शिवणताई पायरीवर बसल्या. "वरच्या भागातही पाणी शिरलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथे कुणाला कागद विचारला नाही. माझ्या आईने ते घर घेतलं तेव्हा मी चार वर्षांची होते. तो एकच पुरावा होता." त्या रडल्या असत्या तर सेक्रेटरींना समजूत तरी घालता आली असती. त्या नुसत्या बसून राहिल्या. "तुम्ही घरी थांबा," ते म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत कागद तुमच्या हातात देतो." शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

चार वाजता डॉक्टरांच्या गाडीतून चौघे कबरस्तानात पोचले. सेक्रेटरी, शमाश, डॉक्टर आणि आजोबा. आजोबा वय वर्षं शहाऐंशी, कानाने अधू, पण नियम कुठे काय लिहिलाय ते तोंडपाठ. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आधीच गाडीत बसलेले होते. फाटकापाशी गाडीची मागची चाकं चिखलात गेली आणि डॉक्टरांनी जोर लावल्यावर आणखी खोल गेली. ती तशीच सोडून सगळे आत गेले.

"कुठे पुरलीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तीन खड्डे केले. प्रत्येकात तीन पोती," शमाश म्हणाले.

"त्यातली ती दोन कोणती?"

"पांढरी."

सेक्रेटरींनी डोळे मिटले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारले होते, आणि स्वतःच्या नऊ पोत्यांपैकी एकावरही खूण करायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी फावडं उचललं. तेवढ्यात आजोबांनी काठी आडवी धरली.

"पुरलेलं उकरायचं नसतं!"

"आजोबा, त्यात पवित्र काही नाही. घराचा कागद आहे!" डॉक्टर त्यांच्या कानाशी ओरडले.

"कुणाच्या घराचा?"

"शिवणताईंच्या! उद्या पाडतील!"

आजोबांनी विचार केला. आजोबा विचार करायला लागले की घाई करून चालत नसे, आणि घड्याळात साडेचार होत होते. शेवटी ते म्हणाले, "सापडलेली वस्तू ज्याची त्याला परत द्यायची, असं लिहिलंय. मग खणा. पण आपली पुस्तकं बाहेर काढलीत तर पुन्हा नीट ठेवा." आणि मग ते एका दगडावर बसून प्रत्येक फावड्याला, हळू, हळू, असं ओरडत राहिले.

पहिल्या खड्ड्यात तिन्ही पोती पुस्तकांची निघाली. ती परत ठेवून माती लोटेपर्यंत पाच वाजून दहा मिनिटं झाली. दुसऱ्या खड्ड्यातलं पहिलं पोतं पुस्तकांचं, दुसरं खालच्या वस्तीतलं. सेक्रेटरींनी ते चिखलातच उलटं केलं. त्यात समोरच्या काकूंची विजेची बिलं निघाली, सुतारांच्या हिशेबाची वही निघाली, पण घराचा कागद निघाला नाही. तिसरं पोतं पुस्तकांचं. साडेपाच झाले. सेक्रेटरींच्या हातांना फोड आले होते. बायकोचा फोन आला. "कुठे आहात? आंघोळ केलीत का?" त्यांनी फोन शमाशना दिला. शमाश म्हणाले, "खणतायत," आणि फोन बंद केला.

तिसऱ्या खड्ड्यावर सेक्रेटरी असे तुटून पडले, की आजोबांचं हळू, हळू त्यांना ऐकूच आलं नाही. फावडं काहीतरी मऊसर कापून आत गेलं. सगळे थांबले. शमाशनी हाताने माती सारली. पांढऱ्या पोत्याला चीर पडली होती, आणि आत त्या ओल्या गोळ्याच्या पोटात, मेणकापडात गुंडाळलेला, घराचा कागद होता. अक्षर अन् अक्षर शाबूत. शिक्का शाबूत. फक्त फावड्याने त्याचा एक कोपरा सुरीने कापावा तसा कापला होता.

"हे काही पुराने कापलेलं दिसत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पाच त्रेपन्न," सेक्रेटरी म्हणाले. "चला."

माती लोटून ते निघाले. गाडी होती तिथेच होती, उलट जरा आणखी खाली गेली होती. पायी पुलापर्यंत वीस मिनिटं, आणि आजोबांच्या पायांनी त्याहून जास्त. आजोबांना मागे सोडून जावं असा विचार तिघांच्याही मनात आला आणि तिघांनाही त्याची लाज वाटली. पूल वाहनांना बंद होता. माणसांसाठी एका कडेने दोरी बांधून वाट ठेवली होती, आणि त्या वाटेवर दोन्हीकडून येणाऱ्यांची दाटी होती. सेक्रेटरी कागद छातीशी धरून, "जाऊ द्या, जाऊ द्या," करत अर्ध्या पुलावर आले, आणि त्यांनी समोर पाहिलं. सूर्य गेला होता. त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. सहा एकवीस. तक्ता बरोबर होता.

ते उभे राहिले. मागचा माणूस त्यांच्यावर आदळला.

"चला ना साहेब!"

"चालता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"पाय दुखतायत का?"

"हातात कागद आहे."

मागच्या माणसाला यातलं काही कळलं नाही, पण त्याच्या मागच्या वीस जणांना मात्र राग आला. पुलावरचा हवालदार धावत आला. डॉक्टरांनी त्याला शब्बाथचा नियम सांगितला. हवालदार भला माणूस होता. "मग मी नेला असता हो," तो म्हणाला, "पण पूल सोडला तर नोकरी जाईल माझी."

"चार हात," आजोबा मागून ओरडले. धापा टाकत ते आता पोचले होते. "चार हातांच्या आत थांबायचं! थांबलं की पुन्हा चार हातांच्या आत! वाटेत अंधार पडलेल्याने असंच करायचं, लिहिलंय!"

मग सेक्रेटरींनी दोन पावलं टाकली आणि थांबले. पुन्हा दोन पावलं टाकली आणि थांबले. ज्या माणसाला खात्यात शिपाईसुद्धा उठून नमस्कार करत, तो माणूस चिखलाने माखलेल्या सदऱ्यात भर पुलावर असा चालत होता, आणि मागे सगळं गाव खोळंबलं होतं. कुणीतरी हसलं. सेक्रेटरींचे कान तापले, पण त्यांनी पावलं मोजणं सोडलं नाही. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला त्यांना दहा मिनिटं लागली. पुढे असे सहा खांब होते, आणि पलीकडे आपल्या दारात शिवणताई उभ्या असतील हे त्यांना ठाऊक होतं. सूर्य मावळायच्या आत, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

तोवर सिनेगॉगमध्ये वेगळीच पंचाईत झाली होती. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि हजर होते सहा. उरलेले चौघे पुलावर आहेत हे सेक्रेटरींच्या बायकोने ताडलं, आणि घरी शब्बाथचे दिवे लावून झालेल्या बायका, प्रार्थनेला आलेले पुरुष अशी सगळी वरात स्वच्छ कपड्यांत पुलावर आली. नवऱ्याकडे बघून बाई एवढंच म्हणाल्या, "आंघोळ नाहीच केली." मग त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. तुम्ही दोन पावलं चाललात, आता मी दोन चालते."

कल्पना त्यांची. मंडळी पुलाच्या कडेने दोन-दोन पावलांवर उभी राहिली आणि कागद हातोहात सरकायला लागला. मागचा माणूस कागद देऊन मोकळा झाला की पुढे जाऊन रांगेच्या टोकाला उभा राही. आजोबांपाशी कागद आला की ते आधी त्याला प्रार्थनेच्या पुस्तकाला लावावेत तसे ओठ लावत, त्यात वेळ जाई. खोळंबलेले लोकही कंटाळून रांगेत शिरले. पूल संपला तशी खालच्या वस्तीतली माणसं आली. सुतार आले, समोरच्या काकू आल्या, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांशेजारी उभे राहिले. एक भाजीवाली सेक्रेटरींच्या शेजारी उभी होती.

"एवढं करण्यापेक्षा मी पळत नेऊन दिला असता की!" ती म्हणाली.

सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं. तिला शब्बाथ नव्हता, पाय धडधाकट होते आणि घर ठाऊक होतं. ती पहिल्या खांबापासून त्यांच्या मागेच होती. "खरंय," ते म्हणाले. "पण आता रांग कशी मोडणार?"

कागद शिवणताईंच्या दारात पोचला तेव्हा सात वाजत आले होते. त्यांनी तो उघडून पाहिला, कापलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, आणि दार लावून घेतलं. मंडळीने गल्लीतच दहा पुरुष मोजले आणि प्रार्थना म्हटली.

शनिवारी सकाळी आठला सेक्रेटरी, शमाश आणि आजोबा पायी येऊन शिवणताईंच्या दाराशी उभे होते. पाहणीचे साहेब आले. भिंती पाहिल्या, फरशी पाहिली, त्यातल्या दोन फरश्या जरा जास्त वेळ पाहिल्या. मग कागद हातात घेतला आणि कापलेल्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"हे पुराचं नाही. हे कापलंय. मालकाच्या निष्काळजीपणाने खराब झालेला कागद मी धरत नाही. बाई, कुणी कापला?"

त्यांच्या मदतनीसाच्या हातात लाल रंगाचा डबा होता, आणि झाकण आधीच उघडलेलं होतं. शिवणताईंचा चेहरा पांढरा पडला. शमाश एक पाऊल पुढे आले. चाळीस वर्षं ज्याने सांगितलेलं सगळं केलं तो माणूस आता न सांगताच दोष अंगावर घ्यायला निघाला होता. सेक्रेटरींनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"मी कापला," सेक्रेटरी म्हणाले. "पोत्यात भरायला मी सांगितलं. खण उघडू नका म्हणून बाई सांगून गेल्या होत्या. यांनी पुरला तो माझ्या सूचनेमुळे, आणि फावडंही माझंच. बाईंची काही चूक नाही."

"लिहून द्या."

"आज लिहिता येत नाही मला."

साहेबांनी वर पाहिलं. गल्लीतल्या दहा जणांनी एकदम सांगितलं, "शब्बाथ आहे त्यांचा!" आणि ते साहेबांना अशा सुरात सांगितलं, की हे माहीत नसणं म्हणजे कमालच. साहेबांनी सुस्कारा टाकून स्वतःच पेन काढलं. "मी लिहितो. सोमवारी दहाला ऑफिसात येऊन सही करा. ऐकून घ्या. मी, वजनमापे खात्यातून निवृत्त, माझ्या निष्काळजीपणामुळे सदर बाईंचा कागद पोत्यात भरवून, पुरवून, नंतर फावड्याने कापला. बरोबर?"

"बरोबर," सेक्रेटरी म्हणाले.

"काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं.

साहेबांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी आणखी मोठ्याने. पलीकडच्या गल्लीतूनही लोक बाहेर आले. सेक्रेटरी मान खाली घालून उभे राहिले, आणि निष्काळजीपणा हा शब्द दोनदा पूर्ण ऐकला. मदतनीसाने लाल डबा बंद केला, हिरवा उघडला, आणि चौकटीवर एक टिकलीएवढी हिरवी खूण केली. बस. साहेब पुढच्या घराकडे गेले.

शिवणताई त्या खुणेकडे बघत राहिल्या आणि मग भिंतीला टेकून रडल्या, जोरात, काकू येऊन पाठीवरून हात फिरवीपर्यंत. मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि घरातली एकुलती एक खुर्ची उचलून बाहेर उन्हात ठेवली.

"बसा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या.

"नको, नको. तुमचं मशीन बाहेर काढायचंय ना? सुतार एकटे..."

"आज तुम्हाला काही करता येत नाही ना?"

"नाही."

"मग बसा. अकरा दिवस तुम्ही काम केलंत, आज नुसते उभे राहिलात आणि घर वाचलं."

गल्ली हसली. शमाशसुद्धा हसले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा आवाज करून. सेक्रेटरी बसले. सुतार आणि काकू मशीन उचलून बाहेर आणत होते, काकू डावीकडून म्हणत होत्या आणि सुतार उजवीकडून, आणि मशीन दारात अडकलं होतं. ते कसं काढायचं हे सेक्रेटरींना बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं, शिवणताईंकडे पाहिलं, आणि मिटलं. शिवणताईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला, आणि ते पाणी त्यांनी सावकाश, पूर्ण संपेपर्यंत प्यायलं.